विद्यार्थी संशोधन आंतरवासिता

विद्यार्थी संशोधन आंतरवासिता ही उच्च शिक्षणातील एक अध्ययनपद्धती आहे. या पद्धतीत विद्यापीठाचा अथवा महाविद्यालयाचा विद्यार्थी ठरावीक काळ एखाद्या बाह्य संस्थेबरोबर काम करतो, त्या संस्थेपुढील प्रत्यक्ष प्रश्नाचा प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली शोध घेतो आणि त्या कामाबद्दल त्याला श्रेयांक मिळतात. बाह्य संस्था म्हणजे कारखाना, ग्रामपंचायत, नगरपालिका, रुग्णालय, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था किंवा शासकीय विभाग यांपैकी कोणतीही असू शकते. विद्यार्थी, मार्गदर्शक शिक्षक आणि प्रश्न मांडणारी संस्था हे या व्यवस्थेचे तीन घटक होत.

प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकाचे उत्तर शिक्षकाला आधीच ठाऊक असते. संशोधन आंतरवासितेत ते कोणालाच ठाऊक नसते, आणि ते चुकले तर त्याचा परिणाम गुणपत्रिकेबाहेरही होतो. म्हणून प्रश्न कोणी विचारला आणि मिळालेले उत्तर त्याच्यापर्यंत परत पोहोचले की नाही, या दोन कसोट्या या पद्धतीच्या मूल्यमापनात महत्त्वाच्या मानल्या जातात.

संज्ञा व व्याप्ती

'आंतरवासिता' हा शब्द मराठीत प्रथम वैद्यकीय आणि अध्यापक शिक्षणाच्या संदर्भात रूढ झाला. पदवी पूर्ण होण्यापूर्वी रुग्णालयात किंवा शाळेत करावयाची अनिवार्य सेवा असा त्याचा अर्थ होता. पुढे इतर विद्याशाखांमध्येही 'इंटर्नशिप' या इंग्रजी शब्दाचा पर्याय म्हणून तो वापरला जाऊ लागला. बोलण्यात मात्र 'इंटर्नशिप' हाच शब्द अधिक ऐकू येतो.

संशोधन आंतरवासिता पुढील सदृश उपक्रमांहून वेगळी आहे.

शिकाऊ उमेदवारी : १९६१च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमानुसार चालणाऱ्या या प्रशिक्षणाचा हेतू विशिष्ट व्यवसायाचे कौशल्य हस्तगत करणे हा असतो. नवे ज्ञान मिळवणे तेथे अपेक्षित नसते.

राष्ट्रीय सेवा योजना : १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत श्रमदान आणि समाजसेवा यांवर भर आहे.

ग्रामीण कृषी कार्यानुभव : कृषी पदवीच्या अंतिम वर्षाचे विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांना प्रात्यक्षिके दाखवतात. महाराष्ट्रात त्यांना 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणतात. येथे ज्ञानाचा प्रवाह मुख्यतः विद्यापीठाकडून गावाकडे वाहतो. संशोधन आंतरवासितेत प्रश्न गावाकडून विद्यापीठाकडे येतो.

ऑन जॉब ट्रेनिंग : कार्यालयातील किंवा उद्योगातील नित्याच्या कामाचा अनुभव घेणे हा त्याचा उद्देश असतो. त्या कामातून एखादा प्रश्न निवडून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला, तर त्याला संशोधनाचे रूप येऊ शकते.

इतिहास

सहकारी शिक्षण

शिक्षण आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड घालणारा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली झाला. अभियांत्रिकीचे प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन 'सहकारी शिक्षण' सुरू केले. विद्यार्थी आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात जात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ मध्ये स्थापनेपासूनच ही पद्धत स्वीकारली. मात्र सहकारी शिक्षणात विद्यार्थी मुख्यतः कामगार किंवा कर्मचारी म्हणून वावरतो. स्वतंत्र शोधकार्य हा त्याचा आवश्यक भाग नाही.

प्रॅक्टिस स्कूल

संशोधनाला मध्यवर्ती स्थान देणारी व्यवस्था मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९१६ साली उभी राहिली. रसायन अभियंते विल्यम वॉकर आणि आर्थर लिटल यांच्या पुढाकाराने आणि कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी दिलेल्या ३ लाख डॉलरच्या देणगीतून रसायन अभियांत्रिकीची 'प्रॅक्टिस स्कूल' सुरू झाली. पहिल्या महायुद्धात तिचे काम खंडित झाले आणि युद्धानंतर ते पुन्हा चालू झाले.

कारखान्यातच विद्यापीठाचे छोटे केंद्र असणे हे या शाळेचे वैशिष्ट्य होय. संस्थेचा शिक्षक तेथे मुक्कामी राहतो. विद्यार्थ्यांचे लहान गट कारखान्याने दिलेल्या प्रश्नावर सुमारे महिनाभर काम करतात, गटप्रमुखाची जबाबदारी आळीपाळीने घेतात आणि कारखान्याच्या अभियंत्यांसमोर निष्कर्ष मांडतात. मांडलेल्या निष्कर्षाची परीक्षा तेथे रोज यंत्र चालवणारी माणसे घेतात.

कॅलिफोर्नियातील हार्वे मड महाविद्यालयाने १९६३ साली 'इंजिनिअरिंग क्लिनिक' हा याच जातीचा, पण वेगळ्या घडणीचा उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी महाविद्यालयातच राहून बाहेरच्या संस्थेचा प्रश्न सोडवतात. प्रश्न देणारी संस्था त्यासाठी शुल्क भरते आणि संपर्कासाठी आपला एक प्रतिनिधी नेमते. वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने १९७० साली स्वीकारलेल्या अभ्यासक्रमात विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या परस्परसंबंधावरील प्रकल्प प्रत्येक पदवी विद्यार्थ्यासाठी आवश्यक करण्यात आला.

विज्ञान दुकान

उद्योगांना संशोधन परवडते, पण प्रदूषणाने त्रासलेल्या वस्तीला किंवा लहानशा कामगार संघटनेला ते परवडत नाही. या विषमतेची जाणीव नेदरलँड्समधील विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या काही गटांना १९७०च्या दशकात झाली आणि तेथील विद्यापीठांत 'विज्ञान दुकाने' उघडली गेली. उट्रेख्ट, अ‍ॅमस्टरडॅम आणि ख्रोनिंगेन ही त्यांतील आरंभीची काही केंद्रे होत. पुढे डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटन आदी देशांतही अशी केंद्रे निघाली. त्यांना परस्परांशी जोडणारे 'लिव्हिंग नॉलेज' नावाचे आंतरराष्ट्रीय जाळेही तयार झाले.

नावात 'दुकान' असले, तरी येथे विक्री होत नाही. नागरिक किंवा संघटना आपला प्रश्न घेऊन येतात, केंद्राचा कर्मचारी तो संशोधनयोग्य रूपात मांडतो आणि योग्य विभागातील विद्यार्थ्यावर शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली तो सोपवतो. प्रश्न स्वीकारण्यासाठी सामान्यतः तीन अटी असत : विचारणाऱ्याकडे संशोधनासाठी पैसा नसावा, त्याचा हेतू व्यापारी नसावा आणि उत्तर मिळाल्यावर ते वापरण्याची त्याची क्षमता असावी. यांतील तिसऱ्या अटीमुळे अहवाल कपाटात पडून राहण्याची शक्यता आरंभीच कमी होते. विद्यापीठांच्या खर्चकपातीत नेदरलँड्समधील काही विज्ञान दुकाने पुढे बंद पडली, तर काही टिकून राहिली.

भारतातील वाटचाल

पूर्वसूरी

भारतात विद्यार्थ्यांच्या क्षेत्रीय संशोधनाचे एक जुने उदाहरण मद्रास विद्यापीठात सापडते. तेथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी विद्यार्थ्यांना खेड्यांच्या आर्थिक पाहणीस प्रवृत्त केले. या पाहण्यांवर आधारलेला ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील गावांची १९३०च्या दशकात आणि त्यानंतरही फेरपाहणी झाली. त्यामुळे जमीनधारणा, मजुरी आणि कर्ज यांत कालांतराने झालेले बदल अभ्यासकांना ताडून पाहता आले. मूळ नोंदी नीट जपल्या गेल्यास विद्यार्थ्यांचे कामही दीर्घकाळ उपयोगी पडते, हे त्यावरून दिसते.

मुंबईत १९३६ साली स्थापन झालेल्या समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने, समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला महत्त्वाचे स्थान दिले. विद्यार्थी रुग्णालये, वस्त्या आणि सामाजिक संस्था यांत नियमित काम करतात. या परंपरेत सेवा आणि अभ्यास दोन्ही एकत्र चालतात.

पिलानीची प्रॅक्टिस स्कूल

राजस्थानातील पिलानी येथील बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स या संस्थेच्या घडणीत फोर्ड फाउंडेशनचे अर्थसाहाय्य आणि मॅसॅच्युसेट्स येथील संस्थेचे सहकार्य यांचा वाटा होता. सी. आर. मित्रा संचालक असताना १९७३ साली येथे प्रॅक्टिस स्कूल सुरू झाली. तिचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुटीत सुमारे दोन महिन्यांचा असतो. दुसरा टप्पा शेवटच्या वर्षी सुमारे साडेपाच महिन्यांचा असून तो पूर्ण सत्राची जागा घेतो. रोजनिशी, चर्चासत्र, गटचर्चा, तोंडी परीक्षा आणि अहवाल अशा अनेक अंगांनी विद्यार्थ्याचे मूल्यमापन केले जाते. २००४ साली सुरू झालेल्या गोव्यातील आवारातील विद्यार्थ्यांनाही हीच व्यवस्था लागू आहे.

मुंबईतील 'सितारा' आणि उन्नत महाराष्ट्र अभियान

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे १९८५ साली ग्रामीण क्षेत्रांसाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र स्थापन झाले. ते 'सितारा' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. २००७ साली तेथे 'तंत्रज्ञान आणि विकास' या विषयातील एम.टेक. अभ्यासक्रम सुरू झाला. ग्रामीण भागातील वास्तव्य आणि क्षेत्रीय अभ्यास हे त्याचे अविभाज्य भाग आहेत. पिण्याचे पाणी, सिंचन, चुली व इंधन, रस्ते आणि सार्वजनिक वाहतूक अशा विषयांवर विद्यार्थ्यांनी ग्रामपंचायती, शासकीय विभाग आणि स्वयंसेवी संस्था यांच्याबरोबर काम केले आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या उत्तर भागासाठी बहुगाव पाणीपुरवठा योजनेच्या शक्यतेचा अभ्यास हे त्यांतील एक उदाहरण होय. पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यातील वाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाई भोगावी लागते.

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'उन्नत भारत अभियान' सुरू केले. त्याच्या समन्वयाचे काम दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आहे आणि सहभागी शिक्षणसंस्थांनी गावे दत्तक घ्यावीत अशी त्याची योजना आहे. महाराष्ट्र शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०१६ साली 'उन्नत महाराष्ट्र अभियान' हाती घेतले. जिल्ह्याजिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील विकासाच्या प्रश्नांचा अभ्यास करावा आणि जिल्हा प्रशासनाला त्याचा उपयोग व्हावा, अशी त्यामागील कल्पना आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवाधारित शिक्षण आणि पदवी पातळीवरील संशोधन यांवर भर देण्यात आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात आंतरवासितेला श्रेयांक देण्यात आले. चार वर्षांची 'संशोधनासह ऑनर्स' पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आणि चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प अशी तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रातील श्रेयांक आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंग, क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामुळे पूर्वी मोजक्या संस्थांपुरता मर्यादित असलेला हा अनुभव आता सर्वसाधारण महाविद्यालयांतील कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला आहे.

कार्यपद्धती

संशोधन आंतरवासितेचे टप्पे सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

१. प्रश्नाची मागणी : बाह्य संस्था आपली अडचण सांगते. ती बहुधा तक्रारीच्या स्वरूपात असते.

२. प्रश्नाची फेरमांडणी : मार्गदर्शक आणि विद्यार्थी त्या अडचणीचे मोजता, तपासता किंवा तुलना करता येईल अशा प्रश्नात रूपांतर करतात. हा टप्पा सर्वांत अवघड मानला जातो.

३. सामंजस्य करार : कामाची व्याप्ती, कालावधी, संस्थेतील संपर्क व्यक्ती, विद्यावेतन, प्रवासखर्च, माहितीची गोपनीयता आणि अहवालाची मालकी यांविषयी लेखी समझोता केला जातो.

४. क्षेत्रकार्य : निरीक्षण, मुलाखती, मोजमाप, दप्तराची तपासणी किंवा प्रयोग यांद्वारे माहिती गोळा केली जाते.

५. मध्यावधी आढावा : तोवरचे निष्कर्ष संस्थेसमोर मांडून दिशा पडताळली जाते.

६. अहवाल व सादरीकरण : विद्यापीठासाठी सविस्तर प्रबंध आणि संस्थेसाठी सोप्या भाषेतील संक्षिप्त अहवाल असे दोन दस्तऐवज तयार करणे इष्ट समजले जाते. ग्रामपंचायतीबरोबरचा अभ्यास असल्यास तो ग्रामसभेत मराठीतून मांडला जाणे उपयुक्त ठरते.

नमुना अभ्यास : गावाची नळपाणी योजना

प्रश्नाची फेरमांडणी म्हणजे काय, हे ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. ग्रामपंचायतीची तक्रार 'खालच्या वाडीला पाणी येत नाही' एवढीच असते. या एका वाक्यामागे निदान चार वेगवेगळी कारणे असू शकतात : उद्भवालाच पाणी नाही, पंपाला पुरेसे तास वीज नाही, नळातील दाब अपुरा आहे किंवा योजना चालवण्यास पैसा नाही.

पहिल्या कारणाच्या तपासासाठी उद्भव विहिरीतील पाण्याची पातळी ठरावीक अंतराने नोंदवतात, तसेच उपसा थांबवल्यावर विहीर किती वेळात भरते हे मोजतात. दुसऱ्यासाठी साधे गणित पुरते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी हा निकष धरला आहे. १,५०० लोकवस्तीच्या गावाला त्यानुसार दररोज ८२,५०० लिटर पाणी लागेल. पंप तासाला १०,००० लिटर पाणी चढवत असेल, तर तो सव्वाआठ तास चालला पाहिजे. वीजपुरवठा सहाच तास असेल, तर ६०,००० लिटरच पाणी चढेल आणि विहीर काठोकाठ भरलेली असूनही २२,५०० लिटरची तूट राहील. गळती धरली तर ती आणखी वाढेल.

तिसऱ्या कारणासाठी जलकुंभाची आणि प्रत्येक वाडीची उंची, जलवाहिनीचा व्यास आणि लांबी यांची नोंद लागते. नळाचा प्रवाह मोजायला घड्याळ आणि बादली पुरेशी असते. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला ३० लिटर आहे. मिळालेली आकडेवारी ईपॅनेटसारख्या विनामूल्य संगणकप्रणालीत भरून वितरण जाळ्याचे प्रारूप तयार करता येते. चौथ्या कारणासाठी पाणीपट्टीची मागणी व वसुली, वीजबिल, दुरुस्ती, जलशुद्धीकरण पावडर आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन यांचा वर्षाचा ताळेबंद मांडावा लागतो.

या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे, कारण प्रत्येक कारणाचे दार वेगळे असते. उद्भवाच्या प्रश्नासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला लागतो, विजेसाठी महावितरणकडे जावे लागते, जलवाहिनीसाठी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे प्रस्ताव द्यावा लागतो आणि पाणीपट्टीचा निर्णय गावालाच घ्यावा लागतो. कारण न तपासता नवी विहीर खोदली, तर खर्च होऊनही खालच्या वाडीचा नळ कोरडाच राहू शकतो. विद्यार्थी स्वतः योजना दुरुस्त करू शकत नाही. अर्ज कोणत्या दारी न्यावा आणि त्याला कोणते आकडे जोडावेत, हे मात्र तो गावाला सांगू शकतो.

कालावधी व ऋतुमान

विद्यापीठाचे वेळापत्रक आणि प्रश्नाचे वेळापत्रक क्वचितच जुळते. आंतरवासितेच्या एका श्रेयांकासाठी सामान्यतः ३० तासांचे काम धरले जाते. म्हणजे ४ श्रेयांकांसाठी १२० तास, दिवसाला ८ तास धरल्यास अवघे १५ दिवस होतात. वर नमूद केलेल्या पाणीपुरवठ्याच्या अभ्यासात ऑगस्टमध्ये पाहिलेली विहीर आणि मे महिन्यातील तीच विहीर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. टंचाईचा काळ एप्रिल-मे हा असतो आणि नेमक्या त्याच काळात परीक्षा आणि सुट्या येतात. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करायचा, तर कुटुंबे गाव सोडून गेलेली असताना आणि परत आल्यानंतर अशा दोन्ही काळांत तो करावा लागतो.

यावर दोन उपाय केले जातात. एकतर आंतरवासितेला पूर्ण सत्र दिले जाते, किंवा एकच प्रश्न सलग अनेक तुकड्यांकडे सोपवला जातो. दुसऱ्या पद्धतीत आधीच्या तुकडीने मोजमापाची पद्धत, जागा आणि तारखा यांची स्पष्ट नोंद ठेवणे अत्यावश्यक ठरते. अन्यथा प्रत्येक तुकडी त्याच गावात, त्याच लोकांना, तेच प्रश्न विचारत राहते.

मूल्यमापन

मूल्यमापनात विद्यापीठातील मार्गदर्शक आणि संस्थेतील मार्गदर्शक या दोघांचाही सहभाग असतो. दोघांच्या अपेक्षा मात्र भिन्न असतात. विद्यापीठाला पद्धतीची काटेकोरता आणि संदर्भांची अचूकता हवी असते, तर संस्थेला वेळेवर मिळणारे आणि वापरता येण्याजोगे उत्तर हवे असते. 'सुचवलेला उपाय चालणार नाही' हा निष्कर्ष संशोधन म्हणून पूर्ण गुणांचा असू शकतो, तरीही तो संस्थेला रुचेलच असे नाही. त्यामुळे केवळ यशस्वी उपायाला गुण न देता रोजनिशी, मोजमापाच्या मूळ नोंदी, युक्तिवाद आणि तोंडी परीक्षा यांनाही गुण विभागून देण्याची पद्धत अवलंबली जाते. गटात काम झाले असल्यास कोणी कोणता भाग केला, हे अहवालात नमूद केले जाते.

मालकी, गोपनीयता व नीती

भारताच्या १९५७च्या प्रताधिकार अधिनियमानुसार लेखनाचा पहिला हक्क सामान्यतः लेखकाकडे असतो. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाला त्यात अपवाद आहे. आंतरवासी हा रूढ अर्थाने नोकरदार नसल्याने मालकीचा प्रश्न लेखी करारातूनच स्पष्ट करणे श्रेयस्कर ठरते. उद्योगाबरोबरच्या कामातून एकस्वयोग्य शोध लागण्याची शक्यता असेल, तर अर्ज दाखल होण्यापूर्वी अहवाल प्रसिद्ध झाल्याने नावीन्याचा दावा अडचणीत येऊ शकतो. म्हणून संस्था प्रकाशनापूर्वी अहवाल पाहण्याचा हक्क मागते. पाहण्याचा हक्क मान्य करावा, पण निष्कर्ष बदलण्याचा हक्क देऊ नये, हा शैक्षणिक स्वातंत्र्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद आहे. विज्ञान दुकानांच्या परंपरेत अहवाल सार्वजनिक असण्याला महत्त्व दिले जाते.

लोकांकडून माहिती घेताना अभ्यासाचा हेतू त्यांना समजेल अशा भाषेत सांगणे, त्यांची संमती घेणे आणि नावे उघड न करणे या किमान अपेक्षा आहेत. आरोग्यविषयक अभ्यासासाठी संस्थेच्या नीतिविषयक समितीची मान्यता लागते. व्यक्तिगत माहितीच्या संगणकीय साठवणुकीबाबत २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम विचारात घ्यावा लागतो. कर्ज, जात, आजार किंवा अतिक्रमण यांविषयीची माहिती गावातल्या गावात फुटल्यास तिचा त्रास माहिती देणाऱ्याला होतो. लहान वस्तीत नाव गाळले तरी तपशिलावरून माणूस ओळखू येतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

लाभ

विद्यार्थ्याला अपुऱ्या माहितीच्या आधारे निर्णय घेणे, वेगवेगळ्या थरांतील माणसांशी बोलणे आणि आपल्या विषयाच्या मर्यादा ओळखणे या गोष्टी शिकता येतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला जमाखर्चाची वही वाचावी लागते आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गावातील भाऊबंदकीही समजून घ्यावी लागते. संस्थेला तिच्याकडे नसलेला वेळ आणि नवी नजर मिळते. शिक्षकाला अध्यापनासाठी परिसरातील ताजी उदाहरणे मिळतात. स्थानिक भाषेत अहवाल लिहिण्याच्या गरजेमुळे मराठीतील तांत्रिक लेखनालाही त्यातून चालना मिळू शकते.

टीका व मर्यादा

या पद्धतीवर पुढील आक्षेप घेतले जातात.

विनावेतन श्रम : काही ठिकाणी विद्यार्थ्याकडून माहिती भरणे, झेरॉक्स काढणे यांसारखी नित्याची कामे मोबदल्याविना करून घेतली जातात. अशा कामाला संशोधन म्हणता येत नाही.

विषम संधी : शहरातील महाविद्यालयांभोवती उद्योग आणि संस्था विपुल असतात, तर तालुक्याच्या गावी त्या मोजक्या असतात. प्रवास आणि निवासाचा खर्च न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांना, तसेच घरून दूर राहण्याची परवानगी न मिळणाऱ्या विद्यार्थिनींना चांगल्या संधी गमवाव्या लागतात. तथापि ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, बाजार समिती, दूध संस्था आणि एसटी आगार यांनाही प्रश्न असतात. त्यांच्याकडे बाह्य संस्था म्हणून पाहिले, तर ग्रामीण महाविद्यालयाला अभ्यासविषयांची वाण पडत नाही.

औपचारिकता : आंतरवासिता सर्वांना लागू झाली, की मार्गदर्शकांवरील भार वाढतो. त्यातून ओळखीच्या ठिकाणाहून प्रमाणपत्र आणणे किंवा जुना अहवाल नव्याने सादर करणे असे प्रकार संभवतात. रोजनिशी आणि मोजमापाच्या मूळ नोंदी तपासल्यास त्यांना काही अंशी आळा बसतो.

लोकांचा थकवा : महाविद्यालयाजवळच्या गावांची आणि वस्त्यांची वारंवार पाहणी होते, पण निष्कर्ष तेथे परत येत नाहीत. अशा ठिकाणी पुढील विद्यार्थ्यांना खरी उत्तरे मिळणे कठीण होते.

प्रश्नाचे संकुचन : सत्रात बसेल एवढाच प्रश्न निवडण्याच्या ओघात मूळ अडचण बाजूला पडू शकते. आरोग्य केंद्रातील रांगेचा अभ्यास करणे सोपे असते, पण तेथे डॉक्टरची जागा रिक्त का आहे, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या आणि अनेकदा केंद्राच्याही आवाक्याबाहेरचा असतो.

या आक्षेपांपैकी शेवटचे दोन केवळ नियमांनी दूर होणारे नाहीत. त्यासाठी विद्यापीठाने एखाद्या परिसराशी वर्षानुवर्षे संबंध राखणे, आधीच्या तुकड्यांचे अहवाल उपलब्ध ठेवणे आणि अहवाल दिल्यानंतर वर्षभराने त्याचे पुढे काय झाले याची चौकशी करणे आवश्यक असते. ही चौकशी सत्र संपल्यानंतर करावयाची असल्याने तिला श्रेयांक नसतात आणि म्हणून ती बहुधा राहून जाते.

हेसुद्धा पहा

उन्नत भारत अभियान
राष्ट्रीय सेवा योजना
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०
शिकाऊ उमेदवारी
जल जीवन मिशन